काळी आणि पांढरी : अवशेष कसे पाहावेत?

आजचा विषय ऐकून काहींना हे प्रवासवर्णन वाटलं असेल. पाँपेई आणि व्हेसुव्हियस, म्हणजे प्राचीन रोमन नगराचे अवशेष आणि ते नगर गाडणारा ज्वालामुखी. आम्ही सहकुटुंब तिकडे जाऊन आलो हे खरं आहे. मी, माझी पत्नी, मुलगी, जावई आणि दोन नातवंडं. पण कुठे राहिलो, काय खाल्लं, हे मी सांगणार नाही. मला एक प्रश्न मांडायचा आहे, आणि तो सोलापूरच्या श्रोत्यांपुढेच मांडायचा आहे, कारण त्याच्या उत्तराचा मोठा भाग आपल्याच परिसरात आहे.

प्रश्न असा. जिथे माणसं मेली, संसार मोडले, अशा जागा आपण तिकीट काढून पाहायला जातो. हे पाहणं म्हणजे नेमकं काय असतं? आणि ते नीट कसं करावं?

आधी वस्तुस्थिती पाहू, मग विचार करू.

एका दिवसात थांबलेलं नगर

नेपल्सहून लोकल रेल्वेने निघालं की पाऊण तासाच्या आत पाँपेई येतं. डाव्या हाताला सतत एक डोंगर दिसत राहतो. तोच व्हेसुव्हियस. इ.स. ७९ पूर्वी कित्येक पिढ्या तो शांत होता. उतारावर द्राक्षमळे होते. तिथल्या बहुतेकांच्या लेखी तो नुसता डोंगर होता. इ.स. ६२च्या सुमारास तिथे मोठा भूकंप झाला होता आणि त्यात पडलेल्या इमारतींची दुरुस्ती सतरा वर्षांनंतरही चालू होती. म्हणजे स्फोट झाला त्या दिवशी गावात गवंडी कामावर होते.

स्फोट दुपारच्या सुमारास सुरू झाला. डोंगराच्या तोंडातून राख आणि सच्छिद्र दगड आकाशात उसळले आणि वाऱ्याबरोबर गावावर पडू लागले. काही तास हा दगडांचा पाऊस चालू होता. छपरं वजनाने खचू लागली. जे लगेच निघाले त्यांतले बरेच वाचले. जे घरातच थांबले, किंवा निघून पुन्हा काही आणायला परतले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. कारण सकाळी वेगळीच गोष्ट घडली. तापलेला वायू आणि राख यांचे लोट डोंगरावरून जमिनीला घासत, वादळाच्या वेगाने खाली आले. त्यांच्यापुढे पळून जाणं शक्यच नव्हतं.

ही तारीख पूर्वी २४ ऑगस्ट मानली जायची. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली. तिच्यातली तारीख आपल्या हिशेबाने १७ ऑक्टोबर येते. कोळशाचं लिखाण फार काळ टिकत नाही, म्हणून स्फोट ऑक्टोबरअखेरचा असावा असं आता बरेच अभ्यासक मानतात. कुणीतरी सहज भिंतीवर काही खरडलं आणि दोन हजार वर्षांनी इतिहासाची तारीख हलली.

आता पाँपेईतल्या सगळ्यात प्रसिद्ध गोष्टीकडे येतो. मृतदेहांवर राख बसली, घट्ट झाली. आतलं शरीर काळाच्या ओघात नाहीसं झालं आणि राखेत माणसाच्या आकाराची पोकळी राहिली. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायची पद्धत वापरली. प्लास्टर सुकल्यावर भोवतालची राख काढली की माणूस जसाच्या तसा पुढे येतो. गुडघे पोटाशी घेतलेला, हाताने तोंड झाकलेला, अंगरख्याच्या घड्यांसकट. आपण मूर्ती पाहतो तसं वाटतं, पण ही मूर्ती नाही. कुणी घडवलेली नाही. आणि आत हाडं आहेत.

काचेमागच्या अशा एका माणसापुढे आम्ही उभे होतो. आजूबाजूला मोबाईल वर झालेले. माझी दहा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, यांना कुणी विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "काय?"

"असं काचेत ठेवलेलं चालेल का म्हणून."

तिची आजी म्हणाली, "विचारायला कुणी राहिलं नाही गं."

या दोन वाक्यांत आजच्या व्याख्यानाचा विषय आला. ते लक्षात ठेवा.

शोक आणि करुण

तत्त्वज्ञानात या प्रश्नाची बाजू कशी मांडली गेली ते बघू. जर्मन कवी गटे १७८७ मध्ये पाँपेईला गेला होता. त्याने आपल्या प्रवासाच्या नोंदींत लिहिलं त्याचा आशय असा, की जगात संकटं पुष्कळ आली, पण पुढच्या पिढ्यांना इतका आनंद देणारं संकट क्वचितच असेल. ऐकायला निर्दय वाटतं. पण आपण सगळे तिथे तेच करायला जातो. गटेने फक्त ते कबूल केलं.

तीन वर्षांनी, १७९० मध्ये, कांटने आपल्या ग्रंथात या अनुभवाची मीमांसा केली. उसळणारा समुद्र, कडे, ज्वालामुखी हे सगळं भयंकर आहे, तरी ते पाहावंसं वाटतं. का? कांट म्हणतो, एक अट आहे. पाहणारा सुरक्षित हवा. जो बुडतो आहे त्याला समुद्र भव्य वाटत नाही.

पण मला वाटतं, या प्रश्नाला आपल्या परंपरेत अधिक बारीक साधन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेला एक भेद घ्या. शोक हा स्थायी भाव आहे आणि करुण हा रस आहे. हे दोन्ही एक नाहीत. माझ्या घरात कुणी गेलं तर मला होतो तो शोक. त्यात आस्वाद नाही, त्यात 'वा!' नाही. रंगमंचावर कुणी गेलं आणि माझे डोळे भरून आले, तो करुण. त्यात डोळे भरतात आणि तरीही मी तिकीट काढून पुन्हा येतो. हे कसं घडतं? भट्टनायक आणि त्याच्यानंतर काश्मीरचा अभिनवगुप्त यांनी त्यासाठी शब्द दिला, साधारणीकरण. रंगमंचावरचं दुःख ना माझं राहतं, ना शेजाऱ्याचं, ना खुद्द रामाचं. ते कुणाएकाचं न राहता सगळ्यांचं होतं. ते मोकळं झालं म्हणूनच त्याचा रस होतो.

नाटकात हे काम नट करतो, कवी करतो, संगीत करतं. अवशेषांत हे काम कोण करतं? काळ करतो. रडणारं कुणी उरलं नाही की दुःख कुणाचंच राहत नाही. आजी म्हणाली तेच. विचारायला कुणी राहिलं नाही, आणि म्हणून आपल्याला मोकळीक मिळाली.

पण इथे एक अडचण आहे. नाटकातलं पात्र खरोखर मेलेलं नसतं. नट उठतो, रंग पुसतो, घरी जाऊन जेवतो. प्लास्टरमधला माणूस उठत नाही. तो पात्र नाही, व्यक्ती आहे. तिचं नाव आपल्याला माहीत नाही, एवढाच फरक. म्हणून माझं म्हणणं असं: रंगमंचावर साधारणीकरण ही कला आहे. अवशेषांत मात्र त्याबाबतीत सावध राहावं लागतं. काळाने पुसलेलं नाव आपण पुन्हा पुसू नये.

याला पुरावा काय? पाँपेईचाच देतो. तिथल्या एका घरात मोठ्या माणसाच्या मांडीवर मूल, अशा स्थितीत मृतदेह सापडले. मोठ्या व्यक्तीच्या हातात सोन्याचं कडं होतं. साहजिकच सगळ्यांनी म्हटलं, आई आणि लेकरू. वर्षानुवर्षं मार्गदर्शकांनी हेच सांगितलं आणि पाहणाऱ्यांनी डोळे पुसले. २०२४ मध्ये त्या हाडांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. मोठी व्यक्ती पुरुष निघाली. त्या मुलाशी तिचं जवळचं नातंही निघालं नाही.

नीट विचार करा. शेवटच्या क्षणी एका पुरुषाने दुसऱ्याच कुणाचं मूल जवळ घेतलं होतं. ही गोष्ट आई-लेकराच्या गोष्टीपेक्षा कमी हृदयद्रावक आहे का? मुळीच नाही. पण ती आपल्याला दिसली नाही, कारण आपल्याकडे करुणरसाचा तयार साचा होता आणि त्या माणसाला आपण त्यात बसवलं. प्लास्टर पोकळीत ओतलं होतं, आणि गोष्ट आपण त्या प्लास्टरवर ओतली.

डोंगर वर आणि डोंगर खाली

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हेसुव्हियसवर गेलो. उंची १,२८१ मीटर. बस बरीच वरपर्यंत जाते, शेवटचा चढ चालायचा. पायाखाली भुरभुरीत करडी-तांबूस राख. वर पोहोचलं की सुमारे तीनशे मीटर खोल विवर. एका कडेने बारीक वाफ येत होती, बाकी शांत. शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मध्ये झाला. दुसरं महायुद्ध चालू होतं, जवळच्या तळावरची अमेरिकी बाँबफेकी विमानं राखेने निकामी झाली. आज या डोंगराच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात सुमारे सात लाख लोक राहतात.

जावई म्हणाले, "एवढं माहीत असून लोक इथे का राहतात?" उत्तर उतारावर दिसत होतं. द्राक्षं, जर्दाळू, टोमॅटो. ज्वालामुखीची माती सुपीक असते. डोंगर जे घेतो ते एकदाच घेतो आणि देतो ते दरवर्षी. माणूस दरवर्षीचा हिशेब बघतो.

मोठ्या नातवाने विचारलं, "आपल्याकडे ज्वालामुखी आहे का?" मी म्हटलं, आपल्याकडे ज्वालामुखी नाही, आपण ज्वालामुखीवरच आहोत.

श्रोतेहो, हे शब्दशः खरं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला. व्हेसुव्हियससारखा एका शिखरातून स्फोट होऊन नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून. हा लाव्हा पातळ होता, काकवीसारखा वाहत दूर दूर गेला आणि थरावर थर बसत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाखाली आहे. याला इंग्रजीत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा मूळ स्वीडिश शब्द, अर्थ पायरी. सह्याद्रीचे डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. पश्चिम घाटाकडे या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर आहे. पूर्वेकडे ती कमी होत जाते.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा काळा दगड कुठला? हाच. आणि हा दगड झिजून झालेली माती म्हणजे आपली काळी. ती ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा सरल्यावर मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारी उभी राहते. पाणी फारसं न देता ज्वारी पिकवणारी ही काळी आई खरं तर थंड झालेली आग आहे.

किल्लारी

याच दगडाची दुसरी बाजू आता सांगायला हवी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. केंद्र किल्लारीजवळ, सोलापूरपासून शंभरएक किलोमीटरवर. आपल्या घरांतली भांडी पडली, आपण रस्त्यावर आलो. तिथे गावं संपली. सरकारी आकड्यांतच मृत साडेसात हजारांहून अधिक आहेत.

एक गोष्ट स्पष्ट करतो. हा भूकंप ज्वालामुखीमुळे झालेला नाही. लाव्हाच्या खाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे. त्यातल्या जुन्या कमजोर पट्ट्यात साठलेला ताण मोकळा झाला. भूकंपानंतर तिथे विंधण घेतलं तेव्हा वरचा काळा खडक सुमारे ३४० मीटर जाड निघाला. हा भाग स्थिर मानला जात होता. पोटातली खूण वरून दिसत नव्हती.

पण माणसं मेली ती घरांमुळे. तिथली घरं आपण ओळखतो, कारण आपल्याकडेही तशीच असत. काळ्या दगडांच्या दोन-दोन हात रुंद भिंती मातीत रचलेल्या आणि वर माळवद. माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर, पावसापासून आणि उन्हापासून बचाव म्हणून. वर्षानुवर्षं त्यावर नवी माती पडत गेलेली. एप्रिल-मेच्या उन्हात असं घर थंडगार राहतं. शहाणपणानेच बांधलेलं घर आहे ते, पण उन्हासाठी शहाणं, धक्क्यासाठी नाही. मातीत रचलेले दगड सुटले आणि वरचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. पाँपेईचे गवंडी आठवा. सतरा वर्षं दुरुस्ती भूकंपाची चालली होती आणि संकट आलं ते वेगळंच.

त्या आठवड्यात आम्ही काही प्राध्यापक आणि विद्यार्थी तिकडे गेलो होतो. एका गावात ढिगाऱ्याशेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गाड्या भरभरून माणसं येत होती. काही खोऱ्या-पाट्या घेऊन, काही कॅमेरे घेऊन. आम्ही उतरलो तेव्हा त्यांनी मान वर करून एवढंच विचारलं, "बघाय आलाव, का हात लावाय आलाव?"

पाहणाऱ्याला विचारावा असा याहून नेमका प्रश्न मी पुस्तकांत वाचलेला नाही. किल्लारीत तेव्हा शोक होता. तिथे 'पाहायला' जाणं हे अपराधासारखं होतं, कारण विचारायला माणसं उरली होती आणि ती विचारतही होती. आज तीसहून अधिक वर्षं झाली. गावं दुसऱ्या जागी वसली. जुन्या गावठाणात बाभळी वाढल्या. ज्यांनी पाहिलं ती पिढी म्हातारी होते आहे. आणखी शंभर वर्षांनी तिथे फलक लागेल, तिकीट लागेल का? कदाचित. शोकाचा करुण कधी होतो, याला ठरावीक वर्षं नाहीत. शेवटचा विचारणारा गेला की होतो. त्यानंतर तो प्रश्न आपला आपणच स्वतःला विचारायचा असतो.

तेर : जिथे संकट आलं नाही

आता तिसऱ्या गावाकडे वळतो. ते किल्लारीच्याच नदीवर, तेरणेवर, बरंच वरच्या अंगाला आहे. सोलापूरहून धाराशिवमार्गे दोन तासांत पोहोचता येतं. ते म्हणजे तेर. आपल्याला ते संत गोरोबाकाकांचं तेर म्हणून माहीत आहे. त्याला मी पाँपेईमधूनच घेऊन येतो.

इ.स. ७९ च्या स्फोटात एक मोठा माणूस मेला. थोरला प्लिनी. रोमन आरमाराचा त्या भागातला प्रमुख आणि सदतीस खंडांच्या 'नॅचरल हिस्टरी'चा लेखक. स्फोट पाहून तो जहाजं घेऊन निघाला, आधी कुतूहलाने आणि मग अडकलेल्यांना सोडवायला, आणि किनाऱ्यावरच गेला. हे त्याच्या भाच्याने, धाकट्या प्लिनीने, पत्रांत लिहून ठेवलं आहे. म्हणजे थोरल्या प्लिनीच्या बाबतीत 'बघाय की हात लावाय' याचं उत्तर 'दोन्ही' असं होतं.

या प्लिनीने आपल्या ग्रंथात एक तक्रार केली आहे. भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून घेतो आणि तिकडचा माल इकडे शंभरपट किमतीला विकला जातो. आणि योगायोग बघा. त्याच स्फोटाच्या राखेखाली, पाँपेईच्या एका घरात, १९३८ मध्ये आमेदेओ माइउरी यांना एक भारतीय वस्तू सापडली. हस्तिदंताची स्त्रीमूर्ती, जेमतेम वीतभर उंचीची, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं अनेक अभ्यासक मानतात. ती आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या चौरंगाचा पाय. आज ती नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आम्ही तिच्यापुढे पुष्कळ वेळ उभे राहिलो.

ती कुठली? तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि ही लिपी वायव्येकडची. पण तिच्याशी अगदी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात सापडल्या आहेत. एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि दुसरी तेरला. म्हणून ती दख्खनमधली असावी असंही बलिष्ठ मत आहे. वाद मिटलेला नाही. पण एवढं निश्चित, की तेरच्या कारागिराला पाँपेईतली मूर्ती परकी वाटली नसती.

तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत लिहिलं आहे, की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं नगर. तिथून जाडंभरडं कापड, तलम कापड आणि रंगीत कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येतं. १९०१ मध्ये फ्लीट यांनी हे तगर म्हणजेच तेर अशी ओळख पटवली. १९५८ मध्ये चापेकर यांनी तिथे उत्खनन केलं. तेरमध्ये रोमन धाटणीचे मातीचे दिवे मिळाले आहेत, साच्यातल्या मूर्ती मिळाल्या आहेत. दिवाळीत नातवंडं आली तेव्हा आम्ही तेरलाही गेलो. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांत, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, म्हणून त्या आज गावात राहिल्या आहेत. तिथलं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. जवळच त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर उभं आहे. मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं अनेकांना वाटतं. त्यात आजही पूजा होते.

पण संग्रहालयात गर्दी नव्हती. का नसते? मला वाटतं, तेरला ज्वालामुखी भेटला नाही म्हणून. तिथे कुणी गुडघे पोटाशी घेऊन सापडलं नाही. व्यापाराच्या वाटा बदलल्या, बाजार उठला, नगराचं गाव झालं. गाव नांदत राहिलं. कुंभाराचं चाक फिरत राहिलं आणि तेराव्या शतकात त्याच गावात एक कुंभार संत झाला. इथे शोक नाही, म्हणून करुणही नाही. आणि ज्या अवशेषात करुण नाही तो पाहायची सवय आपल्याला नाही. आपल्याला नगर एका दिवसात मेलेलं हवं असतं.

एक गोष्ट आणखी सांगतो, सोलापूरकरांसाठी. तगरचा नावाजलेला माल कोणता होता? कापड. त्या कापडाचा तिथे दाखवायला धागासुद्धा नाही. हस्तिदंत टिकलं, भाजलेली माती टिकली, कापड गेलं. म्हणजे ज्या हातांनी त्या नगराला नाव मिळवून दिलं, त्यांच्या कामातलं काहीच काचेमागे नाही. तगरच्या विणकरांपासून सोलापूरच्या मागांपर्यंत सलग परंपरा आहे असा माझा दावा नाही. पण माग चालवणाऱ्यांच्या शहरातला माणूस संग्रहालयात जातो तेव्हा त्याला ती रिकामी जागा इतरांपेक्षा लवकर दिसायला हवी.

काळी आणि पांढरी

आपल्या खेड्यांच्या भाषेत जमिनीचे दोन भाग असतात. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी ज्वालामुखीने दिली. पांढरी माणसांनी केली. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती, फुटलेली गाडगी मिळून ती माती पांढरी होते. तेरची टेकाडं म्हणजे पांढरी. आणि जुन्या गावठाणाची ही माती माळवदांवर घालायला, शेतात टाकायला उकरून न्यायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. किती तरी इतिहास असा पाटीपाटीने छपरावर गेला. नेणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना छप्पर हवं होतं. पण आज आपण स्लॅबखाली राहतो, आणि तरीही टेकाडं कापली जात असतील, तर त्याला ती सबब नाही.

मग अवशेष कसे पाहावेत? माझ्यापुरतं मी उत्तर ठरवलं आहे. पहिलं, पुढ्यात मानवी देह असेल तर फोटोच्या आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. दुसरं, 'ही आई', 'हा सावकार' अशी तयार गोष्ट कुणी सांगितली तर विचारायचं, हे कशावरून? मेलेल्याबद्दल आदर म्हणजे त्याच्याविषयी खोटं न बोलणं. तिसरं, जे दिसत नाही ते कुणाचं काम होतं, हे शोधायचं. आणि चौथं, हात लावायला काय शिल्लक आहे ते बघायचं. पाँपेईत आपण काही करू शकत नाही, पण तेरमध्ये करू शकतो. गावातल्या शाळेची सहल तिथे नेता येते, शेतात सापडलेलं खापर संग्रहालयात पोचवता येतं, आणि जुन्या पांढरीवर जेसीबी दिसला तर तहसील कार्यालयात अर्ज देता येतो. किल्लारीच्या पट्ट्यात ज्यांनी ती पहाट पाहिली त्यांना बसवून, नावगावासह, त्यांचं म्हणणं लिहून घेता येतं. विचारणारी माणसं अजून आहेत. हे काम आणखी वीस वर्षांनी करता येणार नाही.

तेर वर्षभर पाहता येतं. सोलापूरहून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत संग्रहालय, त्रिविक्रम आणि गोरोबाकाकांची समाधी निवांत होते. बरोबर एखादं दहा वर्षांचं मूल असेल तर उत्तम. प्रश्न ते विचारेल.